ट्रॅक्टरची हवा, पाणी आणि वजनं: एका फोर-व्हील ट्रॅक्टरच्या प्रकल्प नोंदी

ट्रॅक्टर ५५ एचपी, फोर-व्हील, म्हणजे गरजेला चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणारा. टायरची मापं (रुंदी आणि रिमचा व्यास, इंचात) मागे १६.९-२८, पुढे ९.५-२४; चारही टायर बायस, म्हणजे आतले धागे तिरके असलेले, ट्यूबवाले. पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर २.०५ मीटर. अवजारं: दोन फाळी पलटी नांगर (३८० किलो), मागून ओढायचा डिस्क हॅरो, रोटाव्हेटर, ट्रॉली. हवेचे सगळे आकडे पाउंडात आहेत, म्हणजे प्रति चौरस इंच.

तक्रारी दोन आहेत. नांगरटीत मागची चाकं जागच्या जागी फिरतात, आणि रस्त्यावर ट्रॉली जोडून वेग घेतला की ट्रॅक्टर उड्या मारतो. दोन्हींवर हमखास सांगितला जाणारा इलाज एकच: वजन वाढवायला चाकात अजून पाणी भरा. पहिल्या तक्रारीवर तो चालतो, दुसरी मात्र त्यानेच वाढते. म्हणून पाण्याला हात लावण्याआधी मोजमाप.

४ मे

वजनकाट्यावर वजन. डिझेलची टाकी पूर्ण भरलेली, चालक सीटवर, मागे अवजार नाही, पुढच्या फ्रेमला वजनं नाहीत. आधी पूर्ण ट्रॅक्टर, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची, शेवटी मागचं एकेक चाक. दर वेळी ट्रॅक्टर थांबल्यावर गिअर न्यूट्रल आणि ब्रेक मोकळा. ब्रेक दाबून ठेवला तर चाकं काट्याच्या फळीवर ताण धरून राहतात आणि आकडा वीस-तीस किलोंनी इकडेतिकडे जातो.

एकूण २,७६० किलो. पुढे १,०१०, मागे १,७५०. पुढचा आणि मागचा आकडा मिळून एकूण बरोबर जुळतो, म्हणजे काट्याच्या पुढची-मागची जमीन सपाट आहे. जुळला नसता तर वजन पुन्हा घ्यावं लागलं असतं.

मागचं डावं चाक ९७०, उजवं ७८०. एवढा १९० किलोंचा फरक ट्रॅक्टरच्या बांधणीतून येत नाही. पाणी कमीजास्त आहे.

हवा: मागे डावीकडे २४, उजवीकडे १६, पुढे २६ आणि २०. पाणी असलेल्या चाकाला साधा गेज लावू नये, त्यात पाणी शिरून तो गंजतो. हवा-पाण्याचा वेगळा गेज घ्यावा. व्हॉल्व्ह वर आणूनच वाचन घेतलं. व्हॉल्व्ह खाली असेल तर वरच्या पाण्याच्या दाबामुळे या मापाच्या टायरला आकडा सुमारे १ पाउंडाने जास्त येतो. १४ पाउंडांच्या आसपास काम करताना एवढी चूकही मोठीच.

५ मे

घसरण, म्हणजे चाक जेवढं फिरतं त्यातला वाया जाणारा भाग, मोजली. जमीन मध्यम-भारी, वाफशावर. नांगराचे फाळ आधीच तपासले. बोथट फाळ आणि चुकीची लावलेली टॉप लिंक (नांगराला वरून ट्रॅक्टरशी जोडणारा दांडा) यांमुळे ओढ इतकी वाढते की चाकांचा दोष नसताना चाकं फिरतात. फाळ ठीक होते.

पद्धत: मागच्या दोन्ही टायरच्या बाजूला खडूने चार-चार खुणा, म्हणजे पाव फेऱ्यापर्यंत मोजता येतं. नांगर उचलून, त्याच शेतात, त्याच गिअरला, फोर-व्हील लावून २० फेरे चालवलं. अंतर ८३ मीटर आलं. दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्या. मग नेहमीच्या खोलीवर नांगर लावून त्याच दोन खुंट्यांमध्ये फेरे मोजले. घसरण काढायची ती अशी: २० ला नांगरटीतल्या फेऱ्यांनी भागायचं आणि ती संख्या १ मधून वजा करायची.

पलटी नांगर असल्याने जाताना एक चाक तासात (नांगराने पाडलेल्या चरात) आणि एक कोऱ्या जमिनीवर, येताना उलट. म्हणून दोन्ही दिशांना मोजलं. कोऱ्या जमिनीवरच्या चाकाचे फेरे असे:

डावं चाक: २३.७५ फेरे, घसरण १५.८ टक्के.
उजवं चाक: २६ फेरे, घसरण २३ टक्के.

डिफरेन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांमधली गिअरची जोडणी, दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, त्यामुळे हलकं चाक आधी सुटतं आणि जड चाकाची पकड वाया जाते. उजवीकडे पाणी कमी, घसरणही उजवीकडेच जास्त. अशा वेळी डिफ-लॉक (दोन्ही चाकं एकत्र बांधणारा खटका) दाबून काम भागवण्याची सवय लागते. ती सवय मोडायची असेल तर आधी दोन्ही चाकांचं वजन सारखं हवं.

फोर-व्हील ट्रॅक्टरला शेतात साधारण ८ ते १२ टक्के घसरण योग्य. टू-व्हीलला १० ते १५. शून्य घसरण मिळवायचा प्रयत्न करू नये. ८ च्या खाली गेली तर ट्रॅक्टर गरजेपेक्षा जड आहे: डिझेल ते वजन वाहण्यात जातं, जमीन दाबली जाते आणि चाकं सुटत नसल्याने सगळा धक्का गिअर आणि ॲक्सलवर येतो.

७ मे

पाणी सारखं केलं. या टायरमध्ये ७५ टक्के भरलं की सुमारे २८० लिटर पाणी बसतं. ७५ टक्के ओळखायचं कसं? व्हॉल्व्ह घड्याळातल्या १२ वर आणायचा आणि पाणी व्हॉल्व्हच्या पातळीला आलं की थांबायचं. त्याच्या वर भरण्याला कुठलंही कारण नाही.

कामाचा क्रम: पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके, गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक. ॲक्सलखाली जॅक, मग पक्का स्टँड. नुसत्या जॅकवर काम नाही. पाण्याने भरलेलं चाक चारशे किलोंच्या पुढे जातं, म्हणून ते भरलेल्या अवस्थेत कधीही खोलू नये. चाक जमिनीपासून दोन बोटं उचलायचं, कारण दबलेल्या टायरमध्ये पाणी कमी मावतं आणि माप चुकतं. व्हॉल्व्हची पिन काढताना तोंड व्हॉल्व्हसमोर नको. हवा सुटते ती पाण्याच्या फवाऱ्यासकट.

डावं चाक: व्हॉल्व्ह १२ वर ठेवून पिन काढताच पाणी उसळलं. बादल्यांनी मोजून ५५ लिटर निघालं, म्हणजे आधी सुमारे ९० टक्के भरलेलं होतं. उजव्यात पाईप आणि हवा सोडण्याच्या जोडाने १३० लिटर घातलं. हवेची वाट मोकळी ठेवली नाही तर टायर फुगतो आणि पाणी आत जायचं थांबतं. पाच-सात मिनिटांनी भरणं थांबवून हवा सोडत राहावी.

काट्यावर परत: मागे दोन्हीकडे ९१०.

आजच पुढची फ्रेम आणि वजनं बसवली: २५ किलोंची ६ आणि फ्रेम ४० किलो, एकूण १९० किलो. ही वजनं पुढच्या आसाच्या सुमारे ६० सेंटिमीटर पुढे लटकतात. म्हणून पुढच्या आसावर १९० नाही, तर १९० × २.६५ ÷ २.०५ म्हणजे २४६ किलो वाढतं, आणि मागच्या आसावरून ५६ किलो उचललं जातं. ही उचल हिशेबात न धरल्यामुळेच पुढे वजनं लावली की मागचं चाक जास्त फिरतं, असा अनुभव पुष्कळांना येतो.

ज्या भागात पाणी गोठतं तिथे नुसतं पाणी चालत नाही; बर्फ झालेलं चाक ट्यूबचे तुकडे करतं. तिथे कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. ते नेहमी पाण्यात थोडं थोडं टाकायचं, त्याच्यावर पाणी ओतायचं नाही. विरघळताना मिश्रण चांगलंच तापतं, गार झाल्यावरच भरायचं. ट्यूब गळली तर हे मिश्रण रिम खाऊन टाकतं, म्हणून गळती दिसली त्या दिवशीच रिम धुवावी.

९ मे

नांगर जोडून, पूर्ण उचलून वजन. नांगराचा भार मागच्या आसाच्या सुमारे दीड मीटर मागे पडतो. पुढून २८० किलो उचलले गेले, मागे ६६० वाढले.

नांगराविना: पुढे १,२६०, मागे १,७६०.
नांगरासह: पुढे ९८०, मागे २,४२०.

पुढची वजनं नसती तर नांगरासह पुढे ७३० किलोच राहिले असते. तेवढ्यावर स्टिअरिंग चालतं. ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान २० टक्के भार पुढे हवा, तो त्यात बसतो. पण पुढची चाकं ओढीला फारसा हातभार लावत नाहीत आणि फोर-व्हीलचा बराच खर्च फुकट जातो. मागच्या आसाचा २,४२० हा आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तकातल्या कमाल भाराशी पडताळला. त्याच्या आत आहे. कमाल भार ओलांडत असेल तर वजन कमी करण्याखेरीज इलाज नाही.

हवा: मागे १४, पुढे १८. हा आकडा टायर कंपनीच्या भार-दाब तक्त्यातून घ्यायचा, आणि मागच्या चाकांसाठी तोही नांगर उचललेल्या वजनावरून, मोकळ्या ट्रॅक्टरच्या नव्हे. तासात चालणाऱ्या चाकावर ट्रॅक्टर कलतो आणि भार वाढतो, त्यासाठी बायस टायरला वर ४ पाउंडांपर्यंत जास्तीची हवा ठेवतात. इथे पलटी नांगरामुळे दोन्ही चाकं आळीपाळीने तासात जातात, म्हणून दोन्हीकडे सारखीच.

घसरण: २२.५ फेरे, ११.१ टक्के. डाव्या-उजव्यातला फरक पाव फेऱ्याच्या आत. नांगरटीची तक्रार संपली.

रस्ता: भरलेली ट्रॉली, फोर-व्हील सुटं, मागे १८ पाउंड. खडबडीत रस्त्याच्या ठरवलेल्या तुकड्यावर चालकाला उसळीमुळे वेग कमी करावा लागतो तो वेग नोंदवला. पाणी कमीजास्त असताना १६ किमी होता, आता १९ किमी. सुधारणा झाली, पुरेशी नाही.

१० मे

आज फक्त हिशेब, पण सगळ्या कामाचा गाभा हाच आहे. टायर स्प्रिंगसारखा वागतो तो त्यातल्या हवेमुळे. पाणी दबत नाही. खड्ड्यात चाक आपटलं आणि टायरची पोकळी ३ टक्क्यांनी दबली असं धरू. १४ पाउंड गेजवर म्हणजे वातावरणाचा दाब धरून २८.७.

पाणी नसेल तर दाब सुमारे ०.९ पाउंडाने वाढतो.
४० टक्के पाणी असेल तर दीड पाउंडाने.
७५ टक्के पाणी असेल तर जवळजवळ ४ पाउंडांनी.

गेजवर तिन्ही चाकं १४ च दाखवतात, पण ७५ टक्क्यांचं चाक धक्क्याला चौपट कडक आहे. ९० टक्क्यांवर होतं तेव्हा डावं चाक जवळपास भरीव दगडच होता, आणि उजवं त्यामानाने मऊ. ट्रॅक्टर उड्या मारताना एका अंगाला झुलायचा तो यामुळे. अशा कडक चाकाची कड दगडावर आपटली तर टायरच्या आतले धागे तुटतात. बाहेरून महिनोन् महिने काही दिसत नाही, मग एक दिवस बाजूला फुगा येतो.

लोखंडी वजनं तेवढाच भार देतात आणि हवेची जागा खात नाहीत. म्हणून ठरलं: मागचं पाणी ४० टक्क्यांवर आणायचं, उरलेल्या भाराची भरपाई चाकाच्या डिस्क-वजनांनी, म्हणजे रिमला बोल्टने आवळायच्या लोखंडी चकत्यांनी. पाणी पूर्ण काढायचा विचार बाजूला ठेवला, कारण तेवढी लोखंडी वजनं या रिमच्या भोकांवर बसत नाहीत.

(रेडियल, म्हणजे आतले धागे कडेपासून कडेपर्यंत सरळ असलेले, टायर असते तर ७५ टक्क्यांचा प्रश्नच आला नसता, त्यांत पाणी भरायचंच तर ४० टक्क्यांपर्यंत, आणि शक्यतो नकोच. रेडियलची बाजू फुगलेली दिसते ती तशीच असायला हवी. तो फुगीरपणा घालवायला हवा वाढवणं म्हणजे रेडियलचे पैसे वाया घालवणं.)

१२ मे

चाक उचलून व्हॉल्व्ह घड्याळातल्या ४ वर आणला, पिन काढून पाणी आपोआप थांबेपर्यंत सोडलं. या जागी जे उरतं ते सुमारे ४० टक्के. दोन्हीकडून १३०-१३० लिटर निघालं, म्हणजे हिशेबाने १५० उरलं. आतल्या हवेचा दाब संपला की पाणी बाहेर येईनासं होतं. मध्ये मध्ये थोडी हवा भरावी लागते.

डिस्क-वजनं: ५० किलोंची चार, प्रत्येक चाकाला दोन. दुसरी डिस्क लावताना लांब बोल्ट लागतात. जुन्याच बोल्टला दोन-तीन आटे धरून बसवलेली डिस्क शेतातच पडते. बसवण्याआधी रिमवरची माती आणि गंज तारेच्या ब्रशने काढला. मातीच्या थरावर आवळलेला बोल्ट माती दबली की ढिला होतो.

काट्यावर: पुढे १,२६०, मागे १,७००, एकूण २,९६०. एचपीमागे ५४ किलो. विभागणी ४२.६ आणि ५७.४ टक्के. नांगर उचलून पुढे ९८०, मागे २,३६०.

पांढऱ्या रंगाने टायर आणि रिम यांवर एक सलग रेघ ओढली, चारही चाकांना. कमी हवेवर जोराने ओढताना बायस टायर रिमवर सरकतो, ट्यूबला सोबत ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळातून उपटला जातो. रेघ तुटलेली दिसली की लगेच २ पाउंड वाढवायचे.

१३ मे

घसरण: २२.७५ फेरे, १२.१ टक्के. ९ मेपेक्षा ६० किलो हलका ट्रॅक्टर, घसरण १ टक्क्याने जास्त. चालेल.

टायरचा उमटलेला ठसाही पाहिला, कारण रोज कुणी फेरे मोजत बसत नाही. ठशातला प्रत्येक दात कडेपासून मध्यापर्यंत साच्यातून काढल्यासारखा स्वच्छ असेल तर ट्रॅक्टर फार जड. ठसा पूर्ण पुसलेला, नुसती खरवडलेली पट्टी असेल तर फार हलका. दातांच्या कडा ओळखू येतात पण मधली माती सरकून मोडलेली आहे, असा ठसा हवा. आजचा तसाच होता.

रस्ता, तोच तुकडा, तीच ट्रॉली, मागे १८ पाउंड: २४ किमी. सुरुवातीच्या दीडपट.

१६ मे

कोरड्या कडक जमिनीवर, वर भुसभुशीत थर असलेल्या शेतात डिस्क हॅरो ओढताना नवीनच प्रकार. जोर लागला की ट्रॅक्टर जागेवर टपटप उसळतो, पुढून-मागून आळीपाळीने, आणि वेग कमी केला तरी थांबत नाही. जोर काढला की थांबतो. ही रस्त्यावरची उसळी नव्हे. ओढीच्या जोरात पुढची आणि मागची चाकं एकमेकांच्या तालात पकडतात आणि सोडतात, त्यातून हा प्रकार होतो. वजन वाढवून तो जात नाही. पुढचा आणि मागचा कडकपणा वेगळा करावा लागतो.

मागची हवा तक्त्यातल्या किमान आकड्यावर, १४ वरच ठेवली. पुढची २ पाउंडांच्या टप्प्यांनी वाढवली. १८ वरून २०: उसळी कमी. २२: थांबली. पुढे वाढवलं नाही.

पुढची हवा वाढवली की पुढच्या चाकाचा घेर किंचित वाढतो, आणि फोर-व्हीलमध्ये पुढची चाकं मागच्यांपेक्षा जराशी वेगात फिरायला हवीत, १ ते ५ टक्के. ही आघाडी तपासली. कडक सपाट जमिनीवर मागचे ३० फेरे, पुढच्या चाकाला आठ खुणा. १८ पाउंडांवर फोर-व्हील सुटं असताना पुढचे ३९.६ फेरे, लावून ४०.४, आघाडी २ टक्के. २२ पाउंडांवर सुटं असताना ३९.५. लावून पुन्हा मोजायची गरज नाही. तो आकडा गिअरच्या दातांवर ठरलेला आहे, टायर कुठलाही लावला तरी ४०.४ च येणार. आघाडी आता २.३ टक्के, मर्यादेत.

पुढचे टायर झिजले की घेर घटतो आणि आघाडी कमी होते. मागचे झिजले की वाढते. म्हणून पुढे नवे आणि मागे गुळगुळीत अशी जोडी लावताना हा हिशेब आधी करावा. आघाडी ५ च्या वर गेली तर पुढचे दात खरवडून झिजतात. शून्याखाली गेली तर पुढची चाकं ब्रेकसारखी ओढत राहतात आणि फोर-व्हीलचा दांडा सुटायला अडतो. कडक रस्त्यावर फोर-व्हील लावून चालवल्यावरही तोच ताण साठतो. दांडा अडला तर ट्रॅक्टर दोन-चार हात मागे घ्यायचा, ताण सुटतो.

२० मे

रोटाव्हेटर. याची पाती चाकाच्या दिशेनेच फिरत असल्याने अवजार ट्रॅक्टरला पुढे ढकलतं. ओढ जवळपास नाही, घसरणही नाही. २०० किलोंच्या डिस्का घेऊन तयार केलेल्या मऊ जमिनीवर फिरणं म्हणजे पेरणीआधीच चाकोरी दाबून ठेवणं. डिस्का उतरवल्या, पुढची वजनं ठेवली, कारण रोटाव्हेटर उचलला की पुढचा भार यातही घटतो. मागची हवा तक्ता परवानगी देतो तोवर खाली: १२. काम संपताच रस्त्यावर येण्याआधी १८. शेतातली हवा रस्त्यावर विसरली तर बायस टायरच्या बाजूला उष्णतेने तडे जातात, आणि रस्त्यातली शेतात विसरली तर सगळी पकड जाते. छोटा कॉम्प्रेसर ट्रॅक्टरवरच ठेवला तरच हे रोज होतं, नाहीतर होत नाही.

२७ मे

डिस्का पुन्हा बसवून नांगरटीचे १० तास झाल्यावर तपासणी. पहिल्या तासानंतर सगळे नट पुस्तकातल्या टॉर्कवर आवळले होते. आज उजव्या बाहेरच्या डिस्कचे दोन बोल्ट पाव आटा फिरले, बाकी पक्के. रंगाच्या रेघा: पुढच्या दोन्ही जशाच्या तशा, मागे डावी तशीच, उजवी बोटभर सरकलेली. उजव्या चाकाची हवा १४ ऐवजी ११.५. पिनेवर थुंकी लावून पाहिली, बुडबुडा आला. पाण्यासोबत आलेला रेतीचा कण पिनेच्या रबरात बसला होता. व्हॉल्व्ह वर आणून पिन बदलली, झाकण रबरी वॉशरसह बसवलं. दोन्ही मागची चाकं १६ वर केली. रेघ पुसून नवी ओढली. आणखी १० तासांनी पुन्हा पाहायची.